सोळा आणे आज्ञापालन

वाळवा तालुक्यात उभे राहून आज्ञापालनाची थोरवी सांगणे कोणालाही सकृद्दर्शनी धारिष्ट्याचे, किंबहुना औचित्यभंगाचे वाटेल. ज्या मुलखाने नाना पाटलांसारखा पुरुष घडविला, ज्याच्या खेड्यापाड्यांनी १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश अंमलाच्या डोळ्यांदेखत आपले प्रतिसरकार चालवून दाखविले, आणि ज्याच्या इस्लामपूर या तालुक्याच्या ठाण्यात सप्टेंबर १९४२ मध्ये कचेरीवर गेलेल्या मोर्चाने गोळीबार सोसला, त्या मुलखाचा स्वाभिमान हुकूम झेलण्याच्या नव्हे, हुकूम झुगारण्याच्या स्मृतीवर पोसलेला आहे. आणि तो तसाच असावा. तथापि, त्या दिवशी बंदुकीच्या तोंडाशी गेलेल्या माणसांनी कोणाची आज्ञा मोडली याचा हिशेब जितका आवर्जून मांडला जातो, तितका त्यांनी कोणाची आज्ञा पाळली याचा मांडला जात नाही. ज्याला कोणाचेच ऐकावयाचे नसते तो गोळीसमोर उभा राहत नाही. तो घरी बसतो. सरकारच्या हुकुमापेक्षा श्रेष्ठ असा काही हुकूम ज्याच्या अंतःकरणात पोहोचला असेल, तोच सरकारचा हुकूम मोडण्यास लागणारे बळ बाळगून असतो.

मनुष्य आज्ञेवाचून राहत नाही हे थोडे आत डोकावून पाहणाऱ्यास कबूल करावेच लागेल. कोणी लोकापवादाच्या आज्ञेत वागतो, कोणी पोटाच्या, कोणी जातीच्या, तर कोणी पक्षाच्या. आणि आपण सर्वतंत्रस्वतंत्र आहोत असे जो उच्चरवाने सांगतो, तो बहुधा आपल्याच लहरींचा ताबेदार असतो. तेव्हा आज्ञा पाळावी की न पाळावी हा वाद पोकळ होय. शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो शब्द किती मानावयाचा, हे दोनच प्रश्न खरे. या दोहोंस ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे : शेवटचा शब्द देवाचा, आणि तो सर्वस्वी मानावयाचा. त्या उत्तराविषयी ख्रिस्ती समाजाबाहेर बराच गैरसमज आहे, आणि समाजाच्या आत त्याविषयी बरीच सोयीस्कर विस्मृती आहे. म्हणून हा प्रपंच.

नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात दोन प्रसंग एकामागोमाग आले आहेत. पैकी दुसरा अधिक परिचित आहे. येशूच्या नावाने उपदेश करू नका, अशी सक्त ताकीद यरुशलेमच्या न्यायसभेने दिली असताही पेत्र आणि त्याचे सोबती उपदेश करीतच राहिले, आणि जाब विचारला गेला तेव्हा, माणसांपेक्षा देवाचे ऐकणे हे आमचे कर्तव्य आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी फटके खाल्ले. पहिला प्रसंग मात्र प्रवचनांतून सहसा टाळला जातो. हनन्या व सप्पीरा या दांपत्याने आपली जमीन विकली, आलेल्या रकमेतील काही हिस्सा गुपचूप मागे ठेवला, आणि उरलेला प्रेषितांच्या चरणी ठेवून तोच सगळा आहे असे भासविले. पेत्राने हनन्यास जे सुनावले त्याचा आशय लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच अखत्यारात होता. तो सगळा द्यावा अशी तुजवर कोणी सक्ती केली नव्हती. अपराध कमी दिल्याचा नव्हता, अंश देऊन त्यालाच पूर्ण म्हटल्याचा होता.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी यावेत हा मला केवळ योगायोग वाटत नाही. न्यायसभेसमोर ताठ मानेने उभे राहण्याचे सामर्थ्य ज्या मुळातून येते, ते मूळ अर्धवट समर्पणाने कुजते. ज्याने काही मागे ठेवले आहे त्याला त्या मागे ठेवलेल्या वस्तूच्या नावाने कोणीही धमकावू शकतो. नोकरी राखून ठेवली असेल त्याला धनी वाकवितो, प्रतिष्ठा राखून ठेवली असेल त्याला गाव वाकविते. ज्याच्यापाशी राखून ठेवलेले काहीच नाही, त्याला वाकविण्यासाठी हाती धरावयाचे तरी काय?

आमच्या शेतकरी समाजास जमीनमहसुलाची परिभाषा चांगली अवगत आहे. पीक बुडाले, आणेवारी कमी लागली, म्हणजे साऱ्यात सूट मिळते, नाही तर वसुलीस तहकुबी मिळते. आणि अर्जविनंत्या करण्याची कला अंगी असेल तर बरे पिकले असतानाही आणेवारी कमी लावून घेता येते. आपले देवाशी असलेले व्यवहार पुष्कळदा याच धाटणीचे असतात. रविवारच्या उपासनेपुरती आज्ञा पूर्ण वसूल द्यावयाची. धंद्यातील सचोटीबाबत चालू साल कठीण म्हणून तहकुबी मागावयाची. शत्रूला क्षमा करण्याच्या कलमात तर कायमची सूटच गृहीत धरावयाची. परंतु पहिली आज्ञा कोणती असे येशूस विचारले गेले, तेव्हा त्याने प्राचीन इस्राएलाचेच वचन पुढे करून संपूर्ण अंतःकरण, संपूर्ण जीव, संपूर्ण बुद्धी आणि संपूर्ण शक्ती यांनिशी देवावर प्रीती करावयास सांगितले. त्या चारही ठिकाणी 'संपूर्ण' हे विशेषण टाळलेले नाही, आणि त्यात आणेवारीस वाव ठेवलेला नाही.

ही कल्पना मराठी मनास परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. इस्लामपुराजवळ बहे येथे कृष्णेच्या पात्रातील बेटावर समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे, आणि त्याच्या दर्शनास जाणारा शेतकरी दास्यभक्तीची व्याख्या पुस्तकातून शिकलेला नसला, तरी स्वामीच्या कार्यापुढे ज्याला स्वतःचे असे काही उरलेच नाही असा दास कसा असतो हे तो जाणून असतो. ख्रिस्ती भक्तीत यापुढे एक गोष्ट अधिक येते. येथे आज्ञा पाळणारा मुख्यतः पुत्राच्या नात्याने पाळतो, आणि पुत्राला बापापाशी बोलण्याचा अधिकार असतो. गेथशेमाने बागेत येशूने आपल्यासमोरचा दुःखाचा पेला टळावा अशी विनवणी केली. ती एकदाच केली असेही नाही. शेवटी त्याने बापाची इच्छा स्वीकारली, परंतु व्याकुळता लपविली नाही आणि प्रश्न गिळले नाहीत. म्हणून पूर्ण आज्ञापालन म्हणजे मुकाट्याने मान तुकविणे, हा समज ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रसंगावरूनच खोटा ठरतो. तेथे मन मारलेले नाही. ते पूर्णपणे ओतलेले आहे.

या तत्त्वाचा मराठी दाखला पाहावयाचा तर फार दूर जावयास नको. सातारा शहरापर्यंत गेले तरी पुरे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी जात, आप्तसंबंध आणि समाजातील स्थान यांवर पाणी सोडले. सामान्य माणूस म्हणेल की यापुढे आणखी काय द्यावयाचे राहिले? पुढील वीसबावीस वर्षे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी केली, अहमदनगरास शिकविले, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन केले, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेस तिची स्वतःची अभंगवाणी दिली. वय झालेले, कीर्ती पसरलेली, दरमहाचा पगार चालू. अशा वेळी १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा देऊन साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांस जशी जागा होती, तशीच बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्यांसही होती.

मिशनरी मंडळींशी त्यांचे वैर जडले होते असे नाही. ज्या ख्रिस्ताची मी माझ्या देशबांधवांना ओळख करून देतो, त्याच्या आणि त्यांच्या मध्ये परदेशी पगाराची भिंत नसावी, ही त्यांची तळमळ होती. १८९५ मध्ये दिलेले सर्वस्व खरोखरच सर्वस्व होते काय, असा प्रश्न स्वतःस पुन्हा विचारून, पन्नाशी उलटल्यावर, मागे राहिलेला हिस्सा त्यांनी आणून ठेवला. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात दरबाराने फार काळ तग धरला नाही. परंतु आज्ञापालनाचे माप यशाच्या तराजूत घालावयाचे नसते. पूर्णता घातलेल्या मनात पाहावयाची असते, उभ्या राहिलेल्या संस्थेत नव्हे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यावाच. टिळकांनी देवाची हाक ऐकली, पण किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. पती एकाएकी परधर्मात गेलेला, पदरात मूल, सासरमाहेरच्या माणसांची कणव आणि टोचणी दोन्ही सारख्याच असह्य. अशा अवस्थेत त्या बाईने ताटातुटीची वर्षे कशी काढली हे त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. देवाचे नाव पुढे करून घरच्या माणसांची आयुष्ये उधळणारे लोक सर्व धर्मांत होऊन गेले आहेत, आणि आजही आहेत. या आक्षेपास माझे उत्तर असे की समर्पण स्वतःचे करावयाचे असते. दुसऱ्याचे परस्पर केलेले समर्पण हे भक्तीच्या नावाखाली केलेला अपहारच होय. अब्राहामाच्या कथेचा शेवटही हेच सांगतो. पुत्रावर सुरी उगारलेला त्याचा हात देवानेच आवरला. टिळकांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांनी पत्नीवर आपला धर्म लादला नाही, वाट पाहिली. आणि लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा प्रश्न आपल्या मनाशी सोडवून, आपल्याच पायांनी चालत येऊन १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि तेवढ्याने त्या मधल्या वर्षांचे दुःख जमेच्या बाजूस जात नाही. आज्ञा पाळणाऱ्याने आपल्या आज्ञापालनाचा खर्च दुसऱ्या कोणाच्या खाती तर पडत नाही ना, हे तपासून पाहणे हाही आज्ञापालनाचाच भाग समजला पाहिजे.

दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची धर्मभगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी जी झटापट झाली, तिचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, येथपासून त्रैक्याच्या सिद्धांतापर्यंत प्रत्येक बाबतीत वडीलधाऱ्यांचे म्हणणे त्यांनी निमूट ऐकावे अशी अपेक्षा होती, आणि बिशपांनीही त्यात आपले वजन टाकले होते. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की मोठ्या सायासाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडाखालून मी मान सोडवून घेतली आहे, ती दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि त्याचा मी उपयोग करणार. वाँटेजच्या मंडळींस यात अहंकार दिसला. परंतु हीच स्त्री पुढे केडगावास दुष्काळातून आणलेल्या शेकडो अनाथ मुलींची आई झाली, आणि आयुष्याची अखेरची वर्षे तिने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याच्या कामी वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा ते काम त्यांनी हातावेगळे केलेले होते. ज्या बाईला धर्मगुरूंची आज्ञा जड वाटली, तिला देवाच्या आज्ञेपायी दुष्काळ, प्लेग आणि निंदा यांतले काहीच जड वाटले नाही. यावरून देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने सांगणाऱ्यांची आज्ञा, या दोहोंत किती अंतर असू शकते हे ध्यानात यावे.

हे अंतर राखणे आमच्या भागात तर विशेषच अगत्याचे आहे. सांगली, मिरज, कोडोली, इस्लामपूर येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची ठाणी होती, आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत जी मंडळी ख्रिस्ती झाली त्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे पुष्कळ होती. या कुटुंबांच्या वाडवडिलांचा दिवस चावडीवरच्या हाकेने सुरू होई. पाटलाचा निरोप, कुलकर्ण्याचे दप्तर, सरकारी अंमलदाराचा बोजा, सगळे डोक्यावर. नाही म्हणण्याची सोय नाही. आणि ते कनिष्ठ वतन कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या हुकूम झेलून ज्याची पाठ वाकली आहे त्याला 'आज्ञा पाळ' असा उपदेश करणाराने प्रथम शंभर वेळा विचार केला पाहिजे. त्या माणसास ख्रिस्ती धर्मात जे गवसले असेल, ते आणखी एका धन्याचे नाव खचित नव्हे. ज्याची आज्ञा चावडीच्याही वर चालते, आणि जो आपल्या दासांचे पाय धुतो, असा प्रभू त्याला गवसला. आणि अशा प्रभूची आज्ञा पूर्णपणे मानणे म्हणजे चावडीला आपला आत्मा कधीही न देणे होय.

या विवेकाचा विसर पडला म्हणजे काय होते हे गेल्या शतकातील जर्मनीने जगास दाखविले. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे पौलाच्या रोमकरांस पत्रातील वचन हाती धरून तेथील चर्चच्या मोठ्या भागाने हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकविली. उलट मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या थोड्या मंडळींनी असे जाहीर केले की चर्चने ऐकावयाचा शब्द एकच, तो ख्रिस्ताचा, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या कोणत्याही सत्तेचा शब्द बसविता येणार नाही. त्या पंथातील डीट्रिख बोनहोफर या धर्मपंडितास ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर चढविण्यात आले. दोन्ही बाजूंच्या हाती एकच पवित्र शास्त्र होते, आणि 'आज्ञापालन' हा शब्दही दोघांच्या तोंडी होता. फरक कशाने ओळखावा? माझ्या मते कसोटी अगदी साधी आहे. ज्या आज्ञेचा लाभ ती सांगणाऱ्याच्या पदरी पडतो, ती संशयास्पद समजावी. आणि जी आज्ञा पाळणाऱ्याला शेजाऱ्याच्या, विशेषतः ज्याचा कोणी वाली नाही अशा शेजाऱ्याच्या दाराशी नेऊन उभी करते, ती बहुधा देवाची असते. देवावरील प्रीतीच्या आज्ञेला लागूनच शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा येशूने सांगितली, ती याच कारणाने.

पूर्ण आज्ञापालन नेहमी फासापर्यंत किंवा राजीनाम्यापर्यंतच जाते असे नाही. बहुधा ते नित्याच्या कामाचे रूप घेते आणि म्हणूनच ओळखू येत नाही. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली सांगलीस आला, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, आणि १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, तो एकाच मुलखात शस्त्रक्रिया करीत व शिष्य तयार करीत राहिला. सांगली आणि मिरज यांमधली वानलेसवाडी आजही त्याचे नाव सांगते. चाळीस वर्षांतील एकही दिवस इतिहासात नोंदण्याजोगा नसेल. पण ते सगळे दिवस एकाच दिशेने गेले, आणि मनुष्याचे सगळे दिवस एका दिशेने जाणे ही सोपी गोष्ट नव्हे.

आता आजचे. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती संस्थांच्या मिळकतींची प्रकरणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयापासून दिवाणी न्यायालयांपर्यंत वर्षानुवर्षे पडून आहेत. ज्या जागा शाळा आणि दवाखाने चालविण्यासाठी मिळाल्या, त्यांच्या विश्वस्तपणावरून एकाच मंडळीतील दोन तट एकमेकांस नोटिसा देतात, आणि त्याच रविवारी एकाच छताखाली, फार तर दोन निरनिराळ्या वेळी, सर्वस्व वाहण्याची गीते म्हणतात. न्यायालयात जाणे पाप आहे असे मी म्हणत नाही. अपहार झाला असेल तर दाद मागितलीच पाहिजे. परंतु प्रत्येक तंटा अपहाराचा नसतो. पुष्कळ तंटे खुर्चीचे असतात, हे वादी आणि प्रतिवादी दोघेही एकांतात मान्य करतील.

ज्या डोंगरावरील प्रवचनाने नारायण वामन टिळकांसारख्या बुद्धिमान ब्राह्मणास खेचून घेतले, त्याच प्रवचनात याविषयी एक स्पष्ट आज्ञा आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर, आपल्याविरुद्ध आपल्या भावाच्या मनात काही आहे याची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, आणि मग येऊन अर्पण वाहावे. त्या आज्ञेला गूढ अर्थ नाही, तिच्यावर भाष्य लिहिण्याची गरज नाही, आणि ती पाळण्यास धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. माझी सूचना एवढीच आहे की इस्लामपुरापासून मिरजेपर्यंत आणि साताऱ्यापासून कोल्हापुरापर्यंत ज्या ज्या मंडळीत असा तंटा चालू आहे, तेथील दोन्ही तटांच्या पुढाऱ्यांनी पुढील प्रभुभोजनापूर्वी, वकिलांवाचून, एका खोलीत बसावे, आणि जो तंटा खुर्चीचा असेल तो तेथेच सोडून द्यावा. जो या सूचनेस भाबडी म्हणेल त्याने निदान हे प्रामाणिकपणे कबूल करावे की भाबडी म्हणून जी टाकून दिली ती या लेखकाची सूचना नव्हे, ज्याला तो दर रविवारी प्रभू म्हणतो त्याची आज्ञा होय. आणि तसे असेल तर त्याने आपल्या अर्पणास सोळा आणे म्हणू नये, जेवढे आणे असतील तेवढेच सांगावेत. हनन्यालाही तेवढी मोकळीक होती.